केळीच्या सालीवरून माणूस किती घसरतो? आमच्या विज्ञान प्रदर्शनाची सगळी हकीकत

परवा प्रयोगशाळेचं कपाट आवरताना प्लायची ती फळी सापडली. खाली जुन्या चपलांचे दोन तळ ठोकलेले आणि खिळ्यांच्या कडेला वाळून काळा पडलेला चिकट थर. तिथेच ठरवलं की आता हे सगळं लिहून काढायचं, कारण तालुका विज्ञान प्रदर्शनाला पहिल्यांदा पोरं घेऊन जाणाऱ्या मॅडम-सरांना काय काय लागतं, कुठे अडतं, किती पैसे जातात हे कोणी नीट सांगत नाही, आणि विषय जर जरा हसू येणारा असेल तर मग विचारूच नका.

मी चोपडा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवते. गोष्ट २०२४ च्या जुलैची. आठवीला 'बल व दाब' चालू होता, बाहेर पाऊस, आणि मधल्या सुट्टीत गेटपाशी पडलेल्या सालीवरून आमच्या शिपाई काकांचा पाय गेला. सुदैवाने लागलं नाही, गेटचा गज हातात आला. तास सुरू झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारलं, मॅडम, केळीच्याच सालीवरून का घसरतो माणूस, संत्र्याच्या का नाही? सगळा वर्ग हसला. त्याच्या घरी चार एकर केळी आहे, त्यामुळे त्याला हा प्रश्न पडायचा पूर्ण हक्क होता असं मला वाटलं.

मला उत्तराचा अर्धा भाग माहीत होता. जपानमधल्या कितासातो विद्यापीठाच्या कियोशी माबुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलंय. फरशीवर साल, सालीवर बूट घातलेला पाय, खाली बल मोजणारं यंत्र. घर्षण गुणांक, म्हणजे वस्तू सरकवायला तिच्या वजनाच्या किती पट जोर लागतो तो आकडा, आला साधारण ०.०७. ह्याला २०१४ चं भौतिकशास्त्राचं इग नोबेल मिळालं, म्हणजे हसू आणणाऱ्या पण खऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार. ०.०७ म्हणजे किती ते मी फळ्यावर काढून दाखवलं, नुसत्या चार अंशांच्या उतारावरसुद्धा वस्तू सरकायला लागेल. कारणही मोठं छान आहे, सालीच्या आतल्या बाजूला बारीक बारीक पुटिका, म्हणजे इवल्या पिशव्या असतात, त्यात पॉलिसॅकराइडचा (साखरेच्या लांब साखळ्यांचा) जेल असतो, पाय पडला की त्या फुटतात आणि जेल तेलासारखा पसरतो. आणि ही माणसं काही गंमत म्हणून हे करत नव्हती, आपल्या गुडघ्या-खुब्याच्या सांध्यांत जे वंगण असतं त्याचा अभ्यास करणारी माणसं होती ती.

तास संपल्यावर तो पोरगा आणि पहिल्या बाकावरची एक मुलगी टेबलापाशी आले. म्हणे मॅडम, जपानची केळी वेगळी असतील, आपल्या जळगावच्या केळीचं मोजू ना. हे २२ जुलैला. इथून सुरुवात.

आता थोडं मागे जाते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९९९ ला मी जळगावला बीएस्सी करत होते. तेव्हा सायबर कॅफे नवीन होते, तासाला ५० रुपये, आम्ही तिघी मैत्रिणी वर्गणी काढून एका खुर्चीवर दीड जण अशा बसायचो. ईमेल उघडायला पाच मिनिटं. तिथे एकदा कुठल्यातरी पानावरच्या लिंकवर क्लिक करत करत मी एका पानावर पोचले, आणि पुढचा सगळा तास मी तिथेच होते. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये परीक्षेच्या आठवड्यात ट्विंकी नावाच्या क्रीम भरलेल्या छोट्या केकवर प्रयोग केले होते. केक उंचावरून खाली टाकला, पाण्यात विरघळतो का पाहिलं, मायक्रोवेव्हमध्ये ठेवला, त्याचा विद्युतरोध मोजला, मिक्सरमधून काढून त्यात हवा किती आणि केक किती ते बघितलं, आणि शेवटी त्याला अक्कल आहे का हे बघायला ट्युरिंग चाचणीसुद्धा घेतली, म्हणजे केकला आणि माणसाला तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची. हे सगळं अगदी आपल्या जर्नलसारखं लिहिलेलं, उद्देश, कृती, निरीक्षण, अनुमान. मी तोपर्यंत जर्नल म्हणजे दुसऱ्याचं बघून उतरवायची वस्तू समजत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही पद्धत कशालाही लावता येते, आणि खरी लावली तर वाचणाऱ्याला हसू पण येतं आणि कळतं पण.

ते पान तेव्हाच खूप गाजलेलं होतं, हे मला नंतर समजलं. मग ते गाजलं कसं हा प्रश्न डोक्यात राहिला आणि मी वर्षानुवर्षं जमेल तसं वाचत गेले. आजच्या पोरांना वाटतं की इंटरनेट म्हणजे व्हिडिओ आणि व्ह्यूज. तेव्हा तसं काहीच नव्हतं. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न ह्या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वेब उभं केलं, १९९१ मध्ये ते बाहेरच्यांसाठी खुलं झालं, ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं की ह्याचे पैसे कोणालाही द्यावे लागणार नाहीत, त्याच वर्षी मोझॅक नावाचा ब्राउझर आला ज्यात मजकुराच्या मध्येच चित्र दिसायला लागलं. १९९३ संपताना जगात सगळ्या मिळून सहाशेच्या आसपास वेबसाइट होत्या. आमच्या शाळेच्या पटापेक्षा थोड्या जास्त! मोझॅक बनवणारी मंडळी 'नवीन काय' अशी एक यादीच चालवायची, नवी साइट निघाली की त्यात नाव. १९९४ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी आवडत्या साइट्सची यादी करायला घेतली, तिचंच पुढे याहू झालं. त्याच वर्षी ऑगस्टपासून ग्लेन डेव्हिस नावाचा माणूस रोज एकच साइट निवडून 'आजची भारी साइट' म्हणून दाखवायला लागला, आणि ज्याची निवड व्हायची त्याचा सर्व्हर गर्दीने धापा टाकायचा. म्हणजे एका माणसाने वाचायचं, त्याला आवडलं की त्याने दुसऱ्याला बोट दाखवायचं. आपल्याकडे चांगल्या भरिताचा ढाबा जसा कळतो तसं.

आणि सगळ्यात लाडकी गोष्ट कॉफीच्या भांड्याची. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात १९९१ मध्ये कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला, कारण वेगवेगळ्या मजल्यांवरून लोक यायचे आणि भांडं रिकामं निघायचं. १९९३ च्या नोव्हेंबरमध्ये ते चित्र वेबवर आलं. काळं-पांढरं, १२८ बाय १२८ ठिपक्यांचं. जगभरातून लाखो लोकांनी ते भांडं पाहिलं. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद केला आणि त्या भांड्याचा लिलाव झाला, एका जर्मन बातम्यांच्या वेबसाइटने ते ३,३५० पौंडांना घेतलं. मी हे पोरांना सांगितलं तेव्हा मुलगी म्हणाली, मॅडम पण त्यात बघण्यासारखं काय होतं? मी म्हटलं, खरं होतं ते. त्या क्षणी त्या भांड्यात खरंच तेवढीच कॉफी होती.

असो. परवानगी. ५ ऑगस्टला मुख्याध्यापक सरांकडे गेले. सर चांगले आहेत पण त्यांना वरच्यांना उत्तर द्यावं लागतं. ते म्हणाले मॅडम, ठिबक सिंचनाचं मॉडेल करा, सौर कुंपण करा, केळीच्या सालीवरून घसरणं हे विज्ञान आहे का, लोक हसतील. मी एक कागद लिहून नेला होता. त्यावर चारच ओळी होत्या. इग नोबेल १९९१ पासून दिलं जातं, आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला. २००१ ला बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्य संस्थेतल्या दोन डॉक्टरांना मिळालं, किशोरवयीन मुलं नाकात बोट किती घालतात ह्या पाहणीसाठी. २००२ ला केरळ कृषी विद्यापीठातल्या दोन संशोधकांना मिळालं, हत्तीच्या अंगाचं एकूण क्षेत्रफळ काढायच्या सूत्रासाठी. आणि आंद्रे गाइम, ज्यांनी चुंबकाने बेडूक हवेत तरंगवला म्हणून २००० ला इग नोबेल घेतलं, त्यांनाच २०१० ला ग्राफीनसाठी (कार्बनचा एका अणूइतका पातळ थर) खरं नोबेल मिळालं. सरांनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, बरं, करा, पण नाव जरा नीट द्या. (ज्यांना अशी परवानगी काढायची आहे त्यांनी तोंडी बोलू नका, कागद न्या, कागद फाइलला लागतो आणि मग सरांनाही तो पुढे दाखवता येतो.)

प्रयोगाचं साहित्य जमवताना पहिलीच अडचण अशी आली की आमच्या गावात पिकलेली केळीच नाहीत! बाहेरच्यांना हे खरं वाटत नाही. चहूकडे केळीच्या बागा, रोज घड कापले जातात, पण ते हिरवेच ट्रकमध्ये चढतात आणि पिकतात दुसरीकडे जाऊन. २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी, आणि आम्हाला तिची पिवळी साल हवी तर चोपड्याला एसटी स्टँडजवळच्या ज्यूसवाल्या भाऊंकडे जावं लागलं. ते भले माणूस, बनाना शेकची सगळी सालं पिशवीत घालून ठेवायचे, एक रुपया घेतला नाही. सालं त्याच दिवशी वापरायची, फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत, हे आम्ही तीन पिशव्या वाया घालवून शिकलो.

मग पद्धत. आधी आम्ही पुस्तकातली उताराची पद्धत घेतली, फळीवर फरशीचा तुकडा, त्यावर साल, सालीवर ५०० ग्रॅमचं वजन, आणि फळी हळूहळू उचलत कोन बघायचा. साल सरकेचना. २५ अंश, ३० अंश, ३५ अंश, साल आपली फरशीला चिकटून. मुलीने वहीत प्रामाणिकपणे लिहिलं, 'साल घसरत नाही'. दोन आठवडे हेच. मला रात्री झोप लागेना, वाटलं आता सरांना काय सांगू. मग एका शनिवारी तो पोरगाच वैतागून सालीवर टाच देऊन उभा राहिला आणि पाय सटकला, पडला नाही, टेबल धरलं. खाली बघतो तर साल चेपून कडेने पाण्यासारखं पातळ चकचकीत काहीतरी बाहेर आलेलं. बोट लावलं तर बुळबुळीत. अर्धा किलोच्या वजनाने पुटिका फुटतच नव्हत्या हो. जेल आतच कोंडलेला, आणि वरून साल चिकट. माणसाचं वजन पाहिजे. माबुचींनी खरा पाय का वापरला ते आम्हाला त्या शनिवारी कळलं, वाचून कळलं नव्हतं.

मग दुसरी रचना केली. प्लायची फळी, खाली जुन्या रबरी चपलांचे दोन तळ ठोकले. वर १० किलोच्या गव्हाच्या दोन थैल्या. फळी धरून सगळं २१ किलो. फळीच्या पुढे हुक, हुकाला सामान मोजायचा डिजिटल काटा, आणि आडवं, अगदी जमिनीला समांतर ओढायचं. फळी हलायला लागते त्या क्षणाचा आकडा भागिले २१, झाला घर्षण गुणांक. आठवीच्या पोरांना हे चटकन समजतं, कोन नको, टॅन नको. साल आधी टाचेने तीनदा दाबून घ्यायची, प्रत्येक वेळी तेवढंच. कोणालाही सालीवर चालायला लावायचं नाही, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, आणि शनिवारच्या प्रकारानंतर कपाटाला कुलूपच लावलं.

नुसत्या कोरड्या फरशीवर रबरी तळ ओढायला ११.६ किलोचा जोर लागला, म्हणजे ०.५५. ताजी साल, आतली बाजू खाली, २.८ किलो, ०.१३. पोरं उड्याच मारायला लागली. तीच साल उलटी, पिवळी बाजू खाली, ४.४ किलो, ०.२१. चार तास उन्हात वाळवलेली साल ७.५ किलो, ०.३६. प्रत्येक वाचन दहा वेळा घेतलं आणि सरासरी काढली. आमचं ०.१३ आणि जपानचं ०.०७ ह्यात फरक आहे, तो आम्ही तसाच ठेवला. फरशी वेगळी, तळ वेगळा, २१ किलो म्हणजे काही मोठ्या माणसाचं वजन नाही. एका सहकाऱ्याने सुचवलं की ०.०८ लिहा, छान दिसेल. पोरांसमोर सुचवलं ह्याचं मला खूप वाईट वाटलं. आम्ही ०.१३ च लिहिलं.

हे सगळं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा सुटल्यावर, त्या पोराच्या घरच्या ओट्यावर, कारण शाळेतल्या फरशीला खड्डे आहेत. त्याची आजी रोज समोर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हाई काय चालू शे रे भो? खावानं सोडीसन साल मोजी ऱ्हायनात!" मग तिनेच सांगितलं की बागेत काम करताना पावसाळ्यात सालीपेक्षा खोडाच्या पापुद्र्यावरून जास्त लोक पडतात. आम्ही तोही मोजला, ०.१७. तक्त्यात ती ओळ 'आजींची सूचना' म्हणून आहे.

आता कागदपत्रं, जिथे बहुतेक जण दमतात. दिवाळीची सुट्टी, त्यानंतर २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, माझी केंद्रावर ड्युटी, प्रशिक्षणं धरून आठवडा त्यातच गेला. २५ तारखेला गट शिक्षण कार्यालयाकडून पत्र आलं की ५ डिसेंबरपर्यंत नोंदणी करा. आम्हाला लागलं ते असं: मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा नोंदणी अर्ज, शाळेचा युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), दोन्ही विद्यार्थ्यांचे आधार आणि बोनाफाइड, पालकांचं संमतिपत्र, मार्गदर्शक शिक्षकाची माहिती, आणि प्रकल्प अहवाल तीन प्रतींत. अर्जात उपविषय निवडावा लागतो, शेती, आरोग्य, वाहतूक, गणिती प्रतिकृती असे. केळीची साल कशात बसवायची? शेतीत टाकली असती तर परीक्षकांनी उत्पादनवाढ विचारली असती. आम्ही गणिती प्रतिकृती घेतलं. माझा सल्ला असा की उपविषय प्रयोगाच्या वस्तूवरून निवडू नका, तुम्ही काय मोजलं त्यावरून निवडा.

नोंदणीच्या टेबलावर अडलोच. अर्जावर पोरांनी लिहिलं होतं, 'केळीच्या सालीवरून माणूस किती घसरतो?' तिथल्या गृहस्थांनी वाचलं, शेजारच्याला दाखवलं, दोघं हसले आणि अर्ज परत केला, शीर्षक शास्त्रीय करून आणा. जाऊन येऊन अर्धा दिवस, परत सही, परत शिक्का. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ४ तारखेला, 'केळीच्या सालीच्या आतील पृष्ठभागाचा घर्षण गुणांक' असं लिहून दिलं आणि घेतलं. मुलीला रडू आलं होतं, तिला पहिलं नाव आवडायचं. मी तिला म्हटलं अर्जावर हे राहू दे, फ्लेक्सवर तुझं. फ्लेक्सच्या नावाबद्दल पत्रकात काही नियम नव्हता, मी नीट वाचलं होतं. तुम्हीही पत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

खर्च सांगते, कारण हा कोणी सांगत नाही. प्लाय आणि खिळे १८०, डिजिटल काटा ३४०, फ्लेक्स ४५०, झेरॉक्स आणि स्पायरल २१०, तक्ते आणि स्केचपेन १२०, दोन दिवस सामानासकट जायची-यायची रिक्षा ६००. एकूण १९०० रुपये. शाळेकडून १००० मिळाले, पावत्या जोडून, फेब्रुवारीत. रिक्षाची पावती नसते, तेव्हा साध्या कागदावर रिक्षावाल्या दादांची सही त्याच दिवशी घ्या, नंतर ते सापडत नाहीत.

प्रदर्शन १८ आणि १९ डिसेंबरला. आम्हाला जागा मिळाली मंडपाच्या टोकाला, वर्गाबाहेरच्या मातीच्या पट्ट्यात. माती! आमचा सगळा प्रयोग फरशीवरचा. बरं की त्या पोराच्या वडिलांनी आदल्या रात्रीच घरून उरलेल्या दोन टाइल्स रिक्षात टाकल्या होत्या, त्या वीटेच्या चुऱ्यावर समतल बसवल्या. तेव्हा सगळ्यांनाच सांगणं, ज्या पृष्ठभागावर प्रयोग केला तो सोबत न्या, तिथे मिळेल असं धरून चालू नका. पाणी, फडकं, पिशवी पण न्या, कारण सालं दुपारपर्यंत माशा गोळा करतात.

पहिल्या दिवशी सकाळी कोणी फिरकलं नाही. बाजूला हायड्रोलिक जेसीबी होता, सगळी गर्दी तिथे. मग जेवणाच्या सुट्टीत पाचवी-सहावीची पोरं फ्लेक्सवरचं नाव वाचून थांबली. मुलीने त्यांना सांगितलं, काट्याला हात लावा, आधी कोरडी ओढा, मग सालीवर. एका बारक्या मुलाने दोन्ही हातांनी जोर लावून कोरडी फळी ओढली, हललीच नाही. साल ठेवल्यावर एका हाताने ओढली तर फळी अशी सुर्रकन आली की तो दोन पावलं मागे गेला आणि इतका हसला, इतका हसला. तो गेला आणि दहा जणांना घेऊन आला. ते दहा जण आणखी कोणाकोणाला घेऊन आले. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि मला ती जुनी यादी आठवत होती, 'आजची भारी साइट'. डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

परीक्षक तिघं होते. एकांनी विचारलं, याचा उपयोग काय? मुलगी गप्प झाली. मला मध्ये बोलायची परवानगी नसते, तोंड दाबून उभी होते. मग तीच म्हणाली, सर, गुडघ्यातल्या वंगणाचा अभ्यास करणाऱ्यांना उपयोग झाला, आणि आमच्या शाळेत आता गेटपाशी कोणी साल टाकत नाही. दुसऱ्या परीक्षक मॅडमनी वही मागितली. त्यात ऑगस्टमधलं 'साल घसरत नाही' हे पान होतं, न खोडता. त्या बराच वेळ तेच पान वाचत होत्या. विचारलं, हे का ठेवलं? पोरगा म्हणाला, मॅडम, ते पण खरं होतं. नंबर तिसरा आला. आमच्याकडून जिल्ह्याला पहिलाच जाणार होता, त्यामुळे आमचा प्रवास तिथे थांबला. परतीच्या रिक्षात पोरं गप्प होती.

जानेवारीत मी त्यांना ट्विंकीच्या त्या पानाची गोष्ट सविस्तर सांगितली आणि म्हटलं की चला, आपण पण तसंच एक पान करू, साधं, नोटपॅडमध्ये हाताने लिहून. व्हिडिओ का नको मॅडम? मी म्हटलं व्हिडिओ बघून लोक पुढे सरकतात, पान वाचून कोणीतरी घरी करून बघेल. कॉम्प्युटर लॅबचे तीनच संगणक चालू आहेत, आठवड्यात दोन तास मिळायचे. पहिल्यांदा पान उघडलं तर मराठीच्या जागी सगळी विचित्र चिन्हं. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतीत, यूटीएफ-८ निवडायचं आणि पानाच्या सुरुवातीला तशी ओळ टाकायची, एवढंच होतं, पण आमचे दोन आठवडे गेले. आमच्या कॉलेजच्या काळात तर मराठी साइट वाचायची म्हणजे आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा, नाहीतर नुसता गिचमिड मजकूर. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना ते फार लांबचं वाटलं.

पानावर काय आहे? उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, आजींची सूचना, आणि फसलेला उतार. दोन फोटो, फळीचा आणि सालीचा. मुलांचे चेहरे, नावं, शाळेचं नाव काही नाही, पालकांना विचारूनच. खाली एक आकडा, किती जण येऊन गेले, आणि एक चौकट, 'तुम्ही मोजलं तर आम्हाला कळवा'. मोफत जागेवर टाकलं, खर्च शून्य. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या दिवशी, चालू केलं.

पहिल्या आठवड्यात आकडा ४१. त्यातले तीस तरी ती दोघंच असावीत. मग त्या पोराच्या काकांनी केळी उत्पादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तिथून रावेर-यावलकडे गेलं, एका शिक्षिकेने त्यांच्या तालुक्याच्या ग्रुपवर टाकलं, आणि मार्चअखेर आकडा १,१६० झाला. कुठे जाहिरात नाही, काही नाही, एकाने वाचलं आणि दुसऱ्याला दाखवलं.

चौकटीत पहिले काही दिवस नुसते 'छान', 'मस्त' येत होते. १२ एप्रिलला शहाद्याकडच्या एका शाळेतून आलं. त्यांच्याकडे पपई भरपूर, म्हणून त्यांनी आमचीच फळी करून पपईची साल मोजली, दहा वाचनं, सरासरी ०.२४, आणि खाली विचारलं होतं की आतली बाजू एवढी ओली असून केळीइतकी का घसरत नाही?

सुट्ट्या लागायच्या आत दोघंही माझ्या घरी आले, हातात कागदात गुंडाळलेली अर्धी पपई. कपाटाची चावी मागायला.